गेममधल्या जाहिराती: आमच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकापासून पाच मिनिटं चालत, माझा गेमिंग कॅफे आहे. २००६ मध्ये नेट कॅफे म्हणून उघडला तेव्हा लोक बारावीचा निकाल बघायला आणि रेल्वेचं तिकीट काढायला यायचे. पुढे पोरांनी त्याचं जे करायचं ते केलं. तेव्हा ती मला दादा म्हणायची, आताची काका म्हणतात. काउंटरवर तीन तऱ्हेची माणसं प्रश्न घेऊन येतात: खेळणारी पोरं, त्यांना शोधत आलेले आईबाप, आणि हल्ली आजूबाजूचे दुकानदार. गेममधल्या ॲडबद्दल तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

गेममधली जाहिरात म्हणजे नक्की कोणती?

चार वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. एक गेमच्या जगातच लावलेली असते: फुटबॉलच्या मैदानाकडेचे बोर्ड, रेसिंगच्या रस्त्यावरचं होर्डिंग. दुसरी खेळ थांबवून अख्खा स्क्रीन व्यापते. तिसरी आपण स्वतः बटण दाबून मागवतो, 'व्हिडिओ बघा, एक जीव मिळवा' वाली. चौथ्या प्रकारात गेमच जाहिरात असतो. १९९९ मध्ये जपानात प्लेस्टेशनवर 'पेप्सीमॅन' आला होता, त्यात पेप्सीच्या रंगातला एक माणूस नुसता पळत सुटतो. लोक तो आजही हौसेने शोधून खेळतात, हे मला अजून पचलेलं नाही.

सुरुवात जुनी आहे. १९७८ च्या 'ॲडव्हेंचरलँड' या गेममध्ये चित्रं नव्हतीच, नुसता मजकूर. त्यात तो बनवणाऱ्याच्याच पुढच्या गेमची जाहिरात होती. गेममधली पहिली जाहिरात म्हणून बहुतेक जण तिचंच नाव घेतात.

पोरांना जाहिरातींचा राग येतो, हे खरं ना?

अर्धं खरं. उरलेलं अर्धं मी सात नंबरच्या पीसीवर बघितलंय.

२००६ च्या शेवटी ईए या गेम कंपनीचा 'क्रिकेट ०७' आला. आमच्याकडे तो पुढची दहा वर्षं चालला. पण भारताच्या खेळाडूंची खरी नावं त्यात नव्हती, जर्सी खरी नव्हती. एक दिवस एक पोरगा येऊन म्हणाला, "दादा, बॅट कोरी आहे." मला वाटलं काहीतरी बिघडलंय. बघतो तर त्याची तक्रार अशी की बॅटवर एमआरएफचा स्टिकर नाही. मग पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाइल, शोधणं सुरू झालं. एकाने रात्रभर डाउनलोडला लावून पेन ड्राइव्हवर आणला, नाशिक रोडहून सिटी बसने. पॅच टाकला आणि बॅटवर स्टिकर आले, छातीवर 'सहारा' आलं, सीमारेषेवर खऱ्या कंपन्यांचे बोर्ड आले. सात नंबरच्या मागे सहा जण उभे राहून बघत होते. कुणी खेळत नव्हतं, नुसते रिप्ले फिरवून बॅट बघत होते.

पुढे भारतीय संघाचा प्रायोजक बदलला की पोरं नवा पॅच शोधायची. सहारा गेलं, स्टार आलं, मग ओप्पो, मग बायजूज. टीव्हीवर जे दिसतं तेच पाहिजे, एवढंच म्हणणं. म्हणजे पैसे न घेता, उलट स्वतःचा नेट पॅक जाळून, ही पोरं गेममध्ये जाहिराती बसवत होती.

आजचं उदाहरण हवं असेल तर 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' बघा. २०१७ चा इंडोनेशियन गेम, बसला हवा तो रंग देता येतो. आमच्याकडच्या एकाने लाल परी केलीय. दुसऱ्याने एका खासगी ट्रॅव्हल्सची बस केलीय, मागच्या काचेवर बुकिंगचा फोन नंबरसुद्धा. त्याला विचारलं, "अरे नंबर कशाला?" तर म्हणाला, "काका, खऱ्या गाडीवर असतो ना."

मग चीड नेमकी कशाची येते?

मुंबई नाक्याच्या सिग्नलला आपण उभे असतो. समोर कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचं होर्डिंग. आपण बघतो, खालच्या शुभेच्छुकांत ओळखीचं कुणी आहे का ते शोधतो, सिग्नल सुटला की निघतो. आता कुणी येऊन गाडीची किल्लीच काढून घेतली आणि म्हणालं, "तीस सेकंद भाऊंकडे बघा, मग देतो," तर?

होर्डिंग तेच, भाऊही तेच. फक्त आता किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे. गेममध्येही माझ्या अनुभवात सगळी बोंब तिथेच होते. माझी पाळी चालू असताना, माझ्या हातातून खेळ काढून घेऊन जे दाखवतात त्याला शिव्या पडतात. बाजूला उभं राहून जे दिसतं त्याला सहसा पडत नाहीत.

मानसशास्त्रात याला जुनं स्पष्टीकरण आहे. जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलं होतं की माणसाला जे स्वातंत्र्य आपलं वाटतं ते कुणी हिरावलं की तो चिडतो आणि मुद्दाम उलटं वागतो. आमच्याकडचा एक पोरगा ॲड जबरदस्तीने दाखवणाऱ्या ॲपला एक स्टार देतो आणि कारणाच्या जागी फक्त 'का' असं लिहितो. ब्रेम यांचं त्याने काही वाचलेलं नाही.

पैसे देऊन घेतलेल्या गेममध्ये जाहिरात आली तर लोक जास्त का भडकतात?

कारण त्यांनी तिकीट काढलेलं असतं. फुकटच्या गेममध्ये थोडी कुरकुर करून सोडून देतात, कारण सौदा मनात स्पष्ट असतो. तीन-चार हजारांच्या गेममध्ये तो सौदा मोडतो.

२०२० मध्ये दोनदा हे उघड दिसलं. ऑगस्टमध्ये ईए चा 'यूएफसी ४' हा पिंजऱ्यातल्या मारामारीचा गेम आला. लोकांनी विकत घेतला, परीक्षणं छापून झाली, आणि सप्टेंबरमध्ये रिप्लेच्या आधी-नंतर ॲमेझॉनच्या एका मालिकेची जाहिरात अख्ख्या स्क्रीनवर झळकायला लागली. इतका गदारोळ झाला की ईए ला ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात 'एनबीए २के२१' या बास्केटबॉलच्या गेममध्ये सामना लोड होताना डोळ्यांवर लावायच्या ऑक्युलस हेडसेटची जाहिरात आली, आणि ती सोडून पुढे जाताच येईना. कंपनीने म्हटलं, ती तिथे यायला नको होती.

आता यातली गोम बघा. यूएफसीच्या पिंजऱ्यात खालच्या मॅटवर आणि खांबांवर प्रायोजकांची नावं असतातच. वर्षानुवर्षं आहेत. त्यावर कुणी ओरडलं नव्हतं, कारण टीव्हीवरच्या खऱ्या पिंजऱ्यातही ती असतात. आणि जाहिरात विक्री झाल्यावर गुपचूप आणली याचा राग वेगळाच. विकत घेताना दिसली असती तर निदान ठरवता आलं असतं.

'ॲड बघा, जीव मिळवा' ला मात्र पोरं खुशाल बघतात. का?

ती मागितलेली असते. बटण आपण दाबतो, बदल्यात काय मिळणार ते आधी कळतं, आणि नको असेल तर नाही म्हणता येतं. माझा भाचा अशी ॲड लावतो, फोन उलटा ठेवतो, पाणी पिऊन येतो. तीस सेकंद झाली की कॉइन गोळा. जाहिरातदाराने पैसे मोजले, गेमवाल्याला मिळाले, भाच्याने काहीच पाहिलं नाही. तिघंही समाधानी.

पण यात एक चलाखी असते आणि ती पोरांना कळायला वेळ लागतो. काही गेम मुद्दाम असे रचतात की ॲड बघितल्याशिवाय पुढे जाणं जवळजवळ अशक्य. कॉइन इतके कमी, पातळी इतकी अवघड, की 'मर्जी' नावापुरती उरते. आमच्याकडच्या एका सातवीतल्या मुलाने वहीत मांडून दाखवलं होतं: एक गाडी उघडायला अठ्ठावन्न ॲड. "काका, हा गेम नाही, ड्युटी आहे," म्हणाला. त्याचे वडील अंबडला शिफ्टमध्ये आहेत, शब्द तिथूनच आला असणार.

मग फुकटचा गेम चालतो तरी कशावर?

मुख्यतः दोन गोष्टींवर: ॲड आणि आतली खरेदी. खरेदी करणारे थोडे असतात, बाकीच्यांकडून ॲडचे पैसे येतात. दर ॲडमागे मिळणारी रक्कम बारीक असते, पण गुणाकार मोठा. 'फ्लॅपी बर्ड' आठवतो? व्हिएतनामच्या एकट्या माणसाने बनवलेला गेम. वरच्या छोट्या पट्टीतल्या जाहिरातींवर तो दिवसाला ५०,००० डॉलर कमावतोय असं त्याने स्वतः सांगितलं होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने तो काढूनच टाकला. आपल्याकडे 'लुडो किंग' नवी मुंबईचा, २०१६ चा. लॉकडाऊनमध्ये घराघरांत पोचला आणि आजी-आजोबांनाही ॲडवरची फुली शोधायला शिकवून गेला.

उलटही झालंय. 'कँडी क्रश' वाल्या किंग कंपनीने २०१३ मध्ये आपल्या गेममधल्या जाहिराती बंद केल्या, कारण आतल्या खरेदीतूनच पुरेसं मिळत होतं आणि जाहिराती लोकांना कंटाळवायच्या. पुढे त्या परतल्या.

जाहिरातीत दिसतो तो गेम उतरवल्यावर वेगळाच कसा निघतो?

कारण जाहिरात बनवणाऱ्याला तुम्ही उतरवून घेतलात एवढंच हवं असतं. राजा पाण्यात बुडतोय, कुणीतरी चुकीची खिळी ओढतंय, आपल्याला वाटतं 'अरे मी असतो तर', आणि आपण दाबतो. आत निघतं तीन रंगीत गोळ्या जुळवणं. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' च्या अशा जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या होत्या. त्यानंतर काही गेमनी तो खिळ्यांचा खेळ खरोखरच आत घातला, दर वीस पातळ्यांनी एकदा वगैरे. म्हणजे जाहिरात सुधारण्याऐवजी गेमच जाहिरातीसारखा केला.

मुद्दाम हरणारा हात दाखवतात तेव्हा तर माझाही संयम सुटतो. समोर सरळ उत्तर दिसत असताना जाहिरातीतला माणूस लाव्हाची खिळी ओढतो! आमच्या सौ. एकदा त्याला उद्देशून "अरे गाढवा" म्हणाल्या आणि मग तो गेम उतरवून तीन महिने खेळल्या. जमतंय त्यांना.

फुली सापडत नाही, सापडली तरी दाबता येत नाही. काही नियम आहे का?

आहे. गुगल प्लेचं धोरण ३० सप्टेंबर २०२२ पासून असं आहे की खेळ चालू असताना किंवा पातळी सुरू होताना अचानक पूर्ण स्क्रीनवर येणारी जाहिरात चालणार नाही, आणि पूर्ण स्क्रीनची जाहिरात १५ सेकंदांनंतर बंद करता आलीच पाहिजे. आपण स्वतः मागवलेल्या, बक्षीसवाल्या जाहिरातींना यातून सूट आहे. दोन पातळ्यांच्या मध्ये, गुण दाखवताना येणारीलाही आहे.

नियम पाळला जातो का, ते तुम्ही रोज बघताच. तक्रार करायची तर प्ले स्टोअरवर त्या गेमच्या पानावर वरचे तीन ठिपके दाबून तो 'आक्षेपार्ह' म्हणून कळवा. जाहिरातीच्या कोपऱ्यात बारीक त्रिकोण किंवा 'आय' चं चिन्ह असेल तर तिथूनही तक्रार करता येते. मिनिटभराचं काम आहे, पण पोरांना एक स्टार देण्यात जास्त मजा वाटते.

गेम उतरवण्याआधी नावाखाली बघत चला. 'जाहिराती आहेत' आणि 'ॲपमधील खरेदी' हे तिथेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

इंटरनेट बंद करून खेळलं की ॲड येत नाहीत. ही चोरी आहे का?

नाही. तुमचा फोन, तुमचं नेट. पण 'ॲड बघून जीव' चं बटणही मग चालत नाही, तेव्हा रडायचं नाही. आणि ज्या छोट्या गेमवर तुमचा खरंच जीव आहे त्यात ॲड काढण्याचा शे-दीडशे रुपयांचा पर्याय असेल तर एकदा घेऊन बघा. चिवड्याच्या दोन पुड्या कमी.

काल घरी कूलरबद्दल बोललो, आज गेममध्ये कूलरची ॲड. फोन ऐकतो का?

हा प्रश्न मार्च ते मे रोज येतो. मार्चपासून अख्खं नाशिक कूलर शोधत असतं, त्यामुळे न ऐकताही अंदाज लागतो. शिवाय तुम्ही, किंवा त्याच वायफायवरच्या घरातल्या कुणीतरी, तो शोधलेला असतो.

प्रत्येक अँड्रॉइड फोनला एक जाहिरात ओळख क्रमांक असतो. वेगवेगळी ॲप तो वाचून 'हा तोच माणूस' असं जुळवतात. सेटिंगमध्ये गुगल, मग जाहिराती, तिथे तो क्रमांक हटवता येतो. काही फोनमध्ये ते गोपनीयतेच्या पानावर असतं. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून प्रत्येक ॲपला माग काढण्याआधी परवानगी विचारावी लागते. 'नाही' दाबा. ॲड येतीलच, फक्त तुमच्याच कूलरच्या असतील असं नाही.

या पाळतीवरून खेळणारे आधीही चिडलेले आहेत. २००६ मध्ये 'बॅटलफील्ड २१४२' च्या खोक्यात एक चिठ्ठी होती, गेममधल्या फलकांवर जाहिराती दाखवायला तुमची काही माहिती वापरली जाईल अशा अर्थाची. फलकांपेक्षा त्या चिठ्ठीवरच लोक जास्त तुटून पडले.

मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला ॲड आणि गेम यातला फरक कळतो का?

ताई, नीट कळत नाही. पातळी संपली की एक हसरा प्राणी येतो आणि 'इथे दाब' म्हणतो. त्याला तो खेळाचाच भाग वाटतो. माझ्या स्वतःच्या घरात हे झालंय. मुलगी सात वर्षांची असताना केक सजवायचा गेम खेळत होती. मध्ये आलेल्या जाहिरातीवर दाबत दाबत ती दुसऱ्याच ॲपमध्ये गेली, आणि त्या ॲपने माझ्या खात्यातून आठवड्याची वर्गणी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात मेसेज नीट वाचला तेव्हा मला कळलं. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, केकवाल्या ताईने सांगितलं."

तेव्हापासून माझी पद्धत: फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड, यूपीआयच्या ऑटोपेची यादी महिन्यातून एकदा बघायची, आणि लहान मुलांना द्यायचा गेम आधी स्वतः पंधरा मिनिटं खेळायचा. पंधरा मिनिटांत किती ॲड येतात ते मोजा, तेवढ्यावरून अंदाज येतो. चुकून खरेदी झालीच तर गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते. मी तीन आठवडे उशीर केला.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांवर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीला १८ महिने दिलेत. 'रोब्लॉक्स' हा पोरांचा लाडका ऑनलाइन गेम स्वतःच्या धोरणाने १३ वर्षांखालच्यांना जाहिराती दाखवत नाही. अर्थात, जन्मसाल खोटं टाकायला आठ वर्षांच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

पैसे लावायच्या गेमच्या ॲड अजून दिसतात. त्या कायदेशीर आहेत का?

नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती दोन्हींवर त्यात बंदी आहे. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच महिन्यात ड्रीम११, पैसे लावून संघ निवडायचं ॲप, भारतीय संघाच्या जर्सीवरून उतरलं. अशी ॲड दिसली तर परदेशातून चाललेलं काहीतरी असण्याची शक्यता धरा आणि हात लावू नका. एवढंच.

बीजीएमआय या गोळीबाराच्या मोबाइल गेममध्ये महिंद्राची गाडी आली होती. ती जाहिरातच ना? मग पोरं खूश का होती?

जाहिरातच. २०२४ मध्ये रॉयल एनफिल्डच्या बुलेट ३५० आणि काँटिनेंटल जीटी ६५० आल्या, २०२५ मध्ये महिंद्राची बीई ६. पण त्या तुम्ही चालवता. अर्ध्या सामन्यात मागून गोळीबार चालू असताना बुलेटवरून पळ काढता. ती गाडी खेळाच्या उपयोगाची आहे, खेळ अडवून उभी नाही.

नाशिकला त्यात वेगळा जिव्हाळा. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांचे काका-मामा तिथे किंवा त्यांना माल पुरवणाऱ्या अंबडच्या एखाद्या शेडमध्ये कामाला. बीई ६ खरं तर चाकणला बनते, पण हे सांगितलं की पोरं ऐकत नाहीत. "बोलेरो टाका म्हणावं," हीच त्यांची मागणी. एकाने तर बोलेरोच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं पाहिजे असंही सुचवलं.

जीटीए या गाड्या पळवायच्या गुन्हेगारी गेममधल्या खोट्या जाहिराती लोकांना आवडतात. का?

कारण त्या टिंगल करतात. 'स्प्रंक' नावाचं सरबत, 'क्लकिन बेल' नावाचं कोंबडीचं हॉटेल. रेडिओवर त्यांच्या जाहिराती लागल्या की पोरं गाडी थांबवून ऐकतात. जग खरं वाटायला जाहिरात लागतेच. होर्डिंग नसलेला रस्ता नाशिकच्या माणसाला तरी गावाबाहेरचाच वाटणार.

याचा उत्तम पुरावा 'क्रेझी टॅक्सी'. १९९९ च्या त्या सेगाच्या गेममध्ये गिऱ्हाइकं पिझ्झा हट, केएफसी, टॉवर रेकॉर्ड्सला सोडा म्हणायची. २०१० च्या आवृत्तीत परवाने नव्हते म्हणून खरी नावं काढली, तिथे काल्पनिक दुकानं आली. जुने खेळाडू हळहळले. जाहिरात काढल्याबद्दल तक्रार, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

अभ्यासकांना काय आढळलं?

अमेरिकेतल्या मिशेल नेल्सन या अभ्यासिकेचं काम यात बरंच आधीचं. २००२ मध्ये त्यांना दिसलं की खेळ संपल्यावर लगेच काही ब्रँड आठवतात, काही महिन्यांनी त्यातले बरेच गळून जातात. २००४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी खेळणाऱ्यांची मतं तपासली. ज्यांना एकूणच जाहिराती आवडत नाहीत त्यांना गेममधल्याही आवडत नव्हत्या, आणि ज्यांना चालत होत्या ते 'खरं वाटतं' हे कारण देत होते. सात नंबरच्या पीसीवरून फार लांब नाही हे.

नंतरच्या कामातून एक पेच पुढे आला: जाहिरात ठळक असेल तर लक्षात राहते, पण डोळ्यांत खुपते; मिसळून गेली तर खुपत नाही, पण लक्षातही राहत नाही. जाहिरातदार बिचारा मध्ये लटकतो.

निवडणुकीत गेममध्ये प्रचार करता येईल का?

अमेरिकेत झालाय. ऑक्टोबर २००८ मध्ये बराक ओबामांच्या प्रचाराने ईए च्या १८ गेममध्ये, १० राज्यांपुरत्या जाहिराती घेतल्या. 'बर्नआउट पॅरडाइज' मध्ये गाडी पळवताना रस्त्याकडेला त्यांचं होर्डिंग दिसायचं, मतदानाच्या दिवसाआधीचं मतदान सुरू झाल्याचं सांगणारं. आपल्याकडे कुणी विचारलं तर मी नको म्हणेन. द्वारका सर्कलवर जे आहे ते पुरेसं आहे, आणि सिंहस्थ जवळ आलाय, अजून वाढणार.

माझं मिसळीचं दुकान आहे. पोरं दिवसभर गेमवर असतात, तिथेच जाहिरात टाकली तर?

हा गंगापूर रोडच्या एका ओळखीच्यांचा प्रश्न, आणि उत्तराला माझ्याच खिशाचा आधार आहे. २०१९ मध्ये मी कॅफेची जाहिरात एका ऑनलाइन सेवेवरून दिली. सिडकोभोवती पाच किलोमीटर, २,००० रुपये. क्लिक धो धो आले. गिऱ्हाईक एकही आलं नाही. मग 'जाहिरात कुठे दिसली' ही यादी उघडली. रंग भरायचे गेम, फळं कापायचे गेम, बोलणारी मांजर. म्हणजे माझे पैसे सिडकोतल्या तीन वर्षांच्या पोरांनी, जेवताना आईचा फोन धरून, वरणभाताच्या बोटांनी संपवले होते.

तेव्हा द्यायचीच असेल तर सेटिंगमध्ये लहान मुलांची आणि गेमची ॲप वगळता येतात का ते आधी बघा, आणि ती यादी आठवड्याला वाचा. त्यापेक्षा माझं ऐका: कॅफेतल्या स्पर्धेला जिंकणाऱ्या संघाला चार प्लेट मिसळ द्या. पोरं फोटो टाकतात, हॉटेलचं नाव टाकतात, आणि हरलेलीही पुढच्या रविवारी येऊन खातात.

स्टीमवर ॲड का दिसत नाहीत?

स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान, आणि ते चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचा नियमच आहे: ॲड बघायला लावून चालणारे, किंवा ॲड बघितल्याबद्दल बक्षीस देणारे गेम तिथे ठेवता येत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या बातम्या झाल्या, नियम आधीपासूनचा. गेमच्या जगात शोभेल असा खरा ब्रँड चालतो.

काका, तुमच्या कॅफेतल्या पीसीवरही जाहिरात आहे. तिचं काय?

आहे, आणि लपवत नाही. पहिली २०११ मध्ये एका कोचिंग क्लासची लावली होती, सगळ्या पीसींच्या वॉलपेपरला, गुणवंतांच्या फोटोंसकट. महिन्याचे पाचशे मिळायचे. पोरांनी दोन दिवसांत वॉलपेपर बदलले. मी परत लावले, त्यांनी परत बदलले, एकाने पहिल्या आलेल्या मुलाला मिशा काढल्या. क्लासवाले सर एकदा स्वतः बघायला आले आणि नेमके त्या मिशांसमोर बसले.

नंतर कोपऱ्यावरच्या वडापाववाल्या मावशींची लावली. खाली डाव्या बाजूला, छोटी, भाव लिहिलेला, आणि 'बसल्या जागी आणून मिळेल'. ती आजतागायत कुणी काढलेली नाही. फक्त गेल्या वर्षी मावशींनी वडापाव पंधराचा अठरा केला आणि मी वॉलपेपर बदलायला विसरलो, तेव्हा चार नंबरवरून ओरड आली: "काका, ॲड जुनी आहे, भाव बदला की!"